कॅक्टस लावायला सात आठवडे

झाड आणलं फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी आणि ते जमिनीत गेलं एप्रिलच्या मध्यावर. मधले सात आठवडे एका फॉर्मने खाल्ले. झाड आज छान आहे, पण तो फॉर्म आठवला की अजून डोकं तापतं, म्हणून लिहायला घेतलं.

आम्ही अॅरिझोनात, फिनिक्सच्या एका उपनगरात राहतो. घराच्या पुढच्या अंगणात काहीही लावायचं तर आमच्या कॉलनीच्या समितीची लेखी परवानगी लागते. मला हवा होता इथलाच, सोनोरा वाळवंटातला एंगलमन हेजहॉग नावाचा कॅक्टस. बांधकामाच्या जागेवरून वाचवून आणलेला एक नर्सरीत मिळाला: अकरा दांडे, मुळं उघडी, राज्याच्या कृषी खात्याचा टॅग बांधलेला. इथल्या कायद्याने हे झाड संरक्षित आहे. रानातून उचललेलं झाड कुणी टॅगशिवाय देत असेल तर घेऊ नका. टॅग आणि पावती जपून ठेवा, फॉर्मला मला दोन्हींचे फोटो जोडावे लागले.

नावाच्या रकान्यात मी नुसतं 'हेजहॉग कॅक्टस' लिहिलं. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला: फड्या निवडुंगाला पुढच्या अंगणात परवानगी नाही. मी थक्क झाले. फड्याची ती पसरट, ताटलीसारखी खोडं कुठे आणि हेजहॉगचे दंडगोल दांडे कुठे! फार तर दोन फूट उंची, प्रत्येक दांड्यावर दहा-बारा उभ्या कडा, आणि एकाच बुंध्याशी दाटीने जमलेला झुबका. दुसऱ्यांदा मी काहीच मोघम ठेवलं नाही. शास्त्रीय नाव एकिनोसीरियस एंगलमनाय. मूळ प्रदेश सोनोरा आणि मोहावे वाळवंट, म्हणजे अॅरिझोना, कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा आणि खाली मेक्सिको. जागा खडकाळ उतारांची, मुरमाड, पाणी न थांबणारी. जे झाड याच मातीत आपोआप उगवतं, ते 'परिसराला अनुकूल' आहे हे मला पानभर लिहून पटवावं लागलं.

तरीही अर्ज परत. या वेळी कारण काटे. मधले काटे ७ सेंटीमीटरपर्यंत वाढतात हे मीच प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मग विचारणा झाली, पायवाटेपासून अंतर किती? अहो, फॉर्ममध्ये अंतराचा रकानाच नाही! फोन केला तर उत्तर मिळालं, समिती महिन्यातून एकदाच बसते. तुमच्याकडे असा फॉर्म असेल तर विचारलेलं नसलं तरी अंगणाचा हाताने काढलेला नकाशा आणि अंतरं जोडाच. माझा अर्ज शेवटी त्या नकाशावर पास झाला.

तोवर झाड गॅरेजच्या दाराशी, सावलीत, वर्तमानपत्रावर आडवं. रोज बघून जीव तुटायचा. मार्चअखेरीस एका दांड्याच्या बाजूने सालच फोडून कळी बाहेर आली. मुळाला माती नाही, पाण्याचा थेंब नाही, आणि फूल उमललं! तळहाताएवढं, गर्द गुलाबी-जांभळं, मधोमध हिरवागार स्त्रीकेसर. रात्री मिटायचं, सकाळी परत उघडायचं. खोडात साठवलेल्या पाण्यावर हे झाड किती काळ तग धरतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. हे कॅक्टस दिवसा रंध्रं, म्हणजे सालीवरची हवेची बारीक छिद्रं, बंद ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडतात, म्हणून पाणी टिकतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती. झाडाची आधी दक्षिणेकडे असलेली बाजू कोणती ते नर्सरीतच विचारून तिच्यावर खडूने खूण करून घ्या आणि लावताना तीच बाजू दक्षिणेला ठेवा. नाहीतर कोवळी बाजू उन्हात करपते. मुळं सुकून जखमा भरल्याशिवाय लावू नका, आणि लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नका. पहिल्या उन्हाळ्यात वर शेडनेट बांधा.

आई फोनवर म्हणाली होती, "दारात काटेरी झाड लावू नये गं." यंदा एप्रिलमध्ये तिला व्हिडिओ कॉलवर नऊ फुलं एकदम दाखवली. एकेका फुलात मधमाश्या अंगभर पराग माखून लोळत होत्या. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "जरा जवळून दाखव."