किरणोपचार घेताना : माझा अनुभव

डाव्या स्तनातील कर्करोगाची गाठ काढल्यानंतर जखम भरून आली, तशी शल्यचिकित्सकांनी मला किरणोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवले. पहिल्या भेटीत त्या बाईंनी यंत्राचा विषयही काढला नाही. पॅथॉलॉजीचा अहवाल त्यांनी ओळ न ओळ वाचला, काखेतल्या गाठींची चौकशी केली आणि माझा हात डोक्यामागे पूर्ण जात नाही असे दिसताच आधी व्यायाम सुरू करायला लावला. कारण उपचाराच्या वेळी हात त्याच स्थितीत ठेवावा लागतो. स्तन राखून शस्त्रक्रिया केली की डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे उरलेल्या असू शकतात आणि किरण त्यांच्यासाठी असतात, हे त्यांनी माझ्या यजमानांना कागदावर आकृती काढून समजावले.

मग नियोजनाचा सीटी स्कॅन झाला. डाव्या बाजूला हृदय छातीच्या भिंतीला अगदी लागून असते. खोल श्वास घेऊन रोखला की फुप्फुस फुगते आणि हृदय भिंतीपासून दूर सरते. तंत्रज्ञ ताईंनी वीसेक सेकंद श्वास रोखण्याचा सराव माझ्याकडून करून घेतला आणि त्वचेवर तिळाएवढे ठिपके गोंदले, म्हणजे रोज शरीर त्याच जागी आणता येते. त्यानंतर काही दिवस बोलावणेच नव्हते. गोव्यातल्या साखळी गावच्या आमच्या नातेवाइकांना तो उशीर वाटला, पण खरे काम त्याच दिवसांत चालले होते. मी विचारल्यावर डॉक्टरांनी पडद्यावर दाखवले : स्कॅनच्या एकेका कापावर त्यांनी स्वतः स्तनाची आणि हृदयाची सीमा आखली होती, फिजिसिस्टनी (किरणांच्या मात्रेचे गणित करणाऱ्या भौतिकतज्ज्ञांनी) त्यावरून मात्रेचा आराखडा केला होता, आणि हृदयाकडे जाणारी मात्रा अधिक वाटल्याने पहिला आराखडा त्यांनी परत पाठवला होता. ते ऐकून मला फार धीर आला.

पूर्वी 50 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा 25 भागांत, पाच आठवडे देत. ब्रिटनमधील मोठ्या चाचण्यांनंतर 40 ग्रे 15 भागांत, तीन आठवड्यांत देण्याची पद्धत रूढ झाली. मला तीच दिली गेली. चतुर्थी तोंडावर आली होती. जाऊबाई म्हणाल्या, ‘‘माटोळी बांधून होऊ दे, मग जा.’’ (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट.) डॉक्टरांनी मात्र मध्ये विनाकारण खंड नको असे निक्षून सांगितले आणि तारखा अशा बसवल्या, की सणाआधीच उपचार संपले. मुलीला पाचवा महिना होता. ती घरी आली तर बाळाला बाधा होईल का, ही भीती मी बोलून दाखवली. बाहेरून दिलेले किरण यंत्र बंद होताच थांबतात, अंगात काही उरत नाही, हे त्यांनी मुलीला फोनवरूनही शांतपणे सांगितले.

दर आठवड्याला त्या स्वतः त्वचा तपासत. पावसाळ्यातल्या ओलाव्यामुळे स्तनाखालची घडी आधी लाल झाली. पावडर बंद, सैल सुती कपडे आणि ती जागा कोरडी ठेवणे, एवढ्यावर ते निभावले. उपचार संपल्यावर आठवडाभर लाली वाढेल, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवले होते, म्हणून घाबरगुंडी उडाली नाही. आता दरवर्षी मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, करायचा आहे. हाताला सूज आली, किंवा पुढच्या काही महिन्यांत कोरडा खोकला वा धाप सुरू झाली, तर घरगुती काढ्यांवर न थांबता त्यांनाच दाखवायचे आहे. किरणांमुळे फुप्फुसाला येणारी सूज उशिरा दिसते आणि वेळेवर कळली तर औषधाने आटोक्यात येते.