बारा मिनिटं

बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात टूर मॅनेजर म्हणून अनेकदा गेलोय. आत जायला पैसे पडत नाहीत, पण प्रत्येकाचं पासपोर्ट नंबर टाकून आगाऊ बुकिंग करावं लागतं. एक आकडा चुकला की माणूस दारातच अडकतो. सोमवारी बंद. तपासणीत लायटर जातात. एवढं सांभाळून तिआनआनमेन चौकाच्या पूर्वेकडच्या त्या अवाढव्य इमारतीत तीस माणसं नेली की हातात उरतो दीड तास. दोन लाख चौरस मीटरच्या आसपासची जागा आणि दीड तास! पुढे जेडचं दुकान असतं आणि तिथली वेळ कापायला कंपनी कधीच तयार नसते. मला हे आजवर पटलेलं नाही.

त्या दिवशी गटात कोल्हापूरचे एक काका होते. चाळीस वर्षं फाउंड्रीत मोल्डर. ‘प्राचीन चीन’ दालनात हौमूवू डिंगपाशी आले आणि तिथेच थांबले. शांग काळातलं चार पायांचं चौकोनी कांस्यपात्र, तीन हजार वर्षांहून जुनं. राजाने आईसाठी करवलेलं असं मानतात. 1939 मध्ये आन्यांगजवळ सापडलं. मी नेहमीचं बोललो : उंची 133 सेंटिमीटर, वजन 832.84 किलो.

“म्हंजे रस हजार किलो तरी लागला असंल,” काका म्हणाले. “धातू वितळवायच्या एका मुशीत मावायचा न्हाई. लई मुशी एकदम तयार पायजेत. एक जरी थंड झाली तर धातू जीव धरत न्हाई.” मग कोपऱ्यातल्या उभ्या पट्टीकडे बोट केलं. “ही नुसती नक्षी न्हवं. साच्याचा जोड झाकलाय हितं.”

मातीच्या साच्याचे तुकडे जुळवून ही भांडी ओतत, हे मी कित्येकांना सांगितलंय. तो जोड मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. पात्र सापडलं तेव्हा त्याचा एक कान, म्हणजे काठावरची उभी कडी, नव्हता, तो नंतर बसवलाय, असं सांगितल्यावर ते दोन्ही कान ताडून बघायला बाजूला सरकले.

“सर, पर ओतलं कुठनं?”

मला सांगता येईना. तिकडे गाईड घड्याळ दाखवत होता. बारा मिनिटं झाली होती. मी काकांच्या खांद्याला हात लावला, “काका, बस उभी आहे.” ते काही न बोलता निघाले.

दुकानात दोन तास गेले. काका बाहेर खुर्चीवर बसून होते.

परत आल्यावर शोधून वाचलं. त्या काळी अशा पात्रांचे साचे बहुधा उलटे ठेवत आणि पायांकडून रस ओतत. लगेच काकांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले.

“मग वाकून पायाच्या तळाला बघाय पायजे होतं की हो,” ते म्हणाले.