आधी मण्याचं भोक बघते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "ताई, तांबं, पितळ आणि चांदी एकाच दागिन्यात घालायची, तर कुठे काय जाणार हे ठरवता कसं?" माझं तारेचं काम बघितलं की लोक हे हमखास विचारतात. बहुतेकांना रंगसंगतीबद्दल ऐकायचं असतं. माझ्याकडे रंगाची पाळी सगळ्यात शेवटी येते. पहिल्यांदा मी मण्याचं भोक बघते.

मोत्याचं भोक बारीक, जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. त्यातून २० गेजची तार जातच नाही, २६ किंवा २८ लागते. गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप, आकडा मोठा तशी तार बारीक. इथे एक सांगायलाच हवं: गेजची दोन मापं आहेत. ब्रिटिश मापाची २० गेज तार ०.९१ मिलिमीटर जाड असते, अमेरिकन मापाची ०.८१. परदेशी व्हिडिओ बघून इथल्या दुकानात नुसता आकडा सांगितला, तर हातात वेगळीच तार येते. तार मिलिमीटरमध्येच मागा.

तर मोत्याला बारीक तार, आणि तीही चांदीचीच. कारण तांब्याची घातली की पुढे ती काळवंडणार, आणि घरातलं कुणीतरी प्रेमाने तिला चिंच नाहीतर लिंबू चोळणार. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आंबट लागलं की त्याचं पाणी उतरतं आणि ते परत येत नाही. पोवळ्याचंही तसंच. दागिना पुढे कसा घासला-पुसला जाईल, ह्याचा विचार मला रंगापेक्षा मोठा वाटतो.

अकीक, म्हणजे कठीण दगडाचा मणी, आला की सगळं बदलतं. गुजरातेत खंभातला अकिकाचे मणी घडतात. तांबूस दगड भाजून लाल करायची ही कला हडप्पाकाळापासूनची आहे. अकीक कठीणपणा मोजायच्या मोहस मापावर ७ च्या आसपास, म्हणजे तारेहून कितीतरी कठीण. भोक दोन्ही बाजूंनी पाडलेलं असेल, तर मधोमध बारीकशी पायरी लागते. भोकाची कड धारदार असेल, तर शुद्ध चांदीची मऊ तार तिथे घासून घासून झिजते. अशा मण्यातून मी पितळेची तार घेते. त्याआधी तीच तार भोकात आत-बाहेर करून बघते, कुठे अडते का ते बोटांना कळतं.

मग सांगाडा. ह्यात पितळेला तोड नाही. पितळेला ताठपणा असतो, वाकवली तरी ती थोडी मागे येते, म्हणून डुलाचा गोल वापरूनही गोलच राहतो. वेढे घालायला मात्र तांबं किंवा चांदी. पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तांबं तापवून बुडवलं की मऊ होतं, आणि वाकवत, ठोकत गेलं की कडक. ह्या गुणावर सगळं काम उभं आहे. मऊ तारेचे वेढे पितळेवर एकाला एक चिकटून बसतात. ते घालता घालताच तार कडक होते, मग ते सहसा सुटत नाहीत. एकाच जागी फार वेळा उलटसुलट वाकवलीत तर मात्र ती तुटते. वेढा चुकला, तर ती तार सरळ करत बसण्यापेक्षा नवी घ्यावी.

झाळकाम, म्हणजे धातू तापवून जोड लावणं, न करता नुसत्या तारेने मणी धरून ठेवायचे, हे परकं वाटत असेल तर घरातली जुनी मोत्यांची नथ उलटी करून बघा. पुढून मोतीच मोती, आणि मागे सोन्याच्या बारीक तारेचे पीळ. मोती कसे बांधायचे, हे मी तिथूनच शिकत आले आहे.

कानात जाणारा आकडा ९२.५ टक्के चांदीचाच, त्यात तडजोड नाही. जर्मन सिल्व्हर नावाने मिळणाऱ्या धातूत चांदी नसतेच. ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण. निकेलने अनेकांचे कान खाजतात, चिघळतात. तांबं मी अंगाला घासणार नाही अशा जागी, बाहेरच्या बाजूला ठेवते, कारण घामाने त्याचा हिरवा डाग कातडीवर उतरतो. चांदीला टेकलेलं असेल, तर घामात ते अधिकच लवकर खराब होतं.

एवढं ठरेपर्यंत धातूंच्या जागा बहुतेक पक्क्या झालेल्या असतात. आता रंग. मी आजची चकाकी धरत नाही. तांबं तपकिरी होणार, पितळ मंदावणार, चांदी काळपट होणार, हे धरूनच मणी निवडते. कधी तो काळा रंग मुद्दाम आणते. उकडलेलं अंडं कुस्करून दागिन्यासकट घट्ट डब्यात ठेवायचं. त्यातल्या गंधकाच्या वायूने काही तासांत चांदी आणि तांबं काळं पडतं. पितळेवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे ते उलट अधिक उठून दिसू लागतं. मग बारीक तारेच्या काथ्याने वरवर घासलं, की वेढ्यांच्या खाचांत काळं राहतं आणि उंचवटे उजळतात. मोत्याच्या दागिन्यात हे सगळं तारेवर आधी उरकायचं, धुऊन कोरडं करायचं, आणि मोती मागाहून ओवायचे.