उंडी लावा की राव!

आज मामेभावाच्या होमस्टेवर होतो, दापोलीजवळच्या मुरुडला. नर्सरीवाल्याने समुद्राच्या बाजूला शोभेच्या पामची रांग लावून दिलीय. खाऱ्या वाऱ्याने सगळ्यांची पानं टोकापासून करपलेली. आणि कुंपणालगत, कुणी पाणीही न घालता उभी असलेली जुनी उंडी, म्हणजे आपलं किनाऱ्यावरचं देशी झाड? हिरवीगार, घेरदार!

तिचं एक पान उन्हासमोर धरून बघा. जाड, चकचकीत, आणि मधल्या शिरेपासून कडेपर्यंत अगदी बारीक समांतर रेघा. देठ मोडला की चिकट चीक. फुलं पांढरी, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका, वास असा की खालून जाणारा थांबतोच. खारट वारा, वाळूची जमीन, सगळं चालतं तिला. पूर्वी हिच्या बियांचं कडू तेल दिव्याला आणि होड्यांना वापरायचे.

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, पण वाढते किती हळू!" खरंय. शिवाय गोटीसारखी टणक फळं पडतात, म्हणून पार्किंगवर नकोच. दोन झाडांत २५-३० फूट तरी सोडा, नाहीतर पुढे छाटत बसाल. रोप करायचं तर बियांचं कवच फोडून लावा, लवकर रुजतं.

रिसॉर्टवाले परदेशी पाम ट्रकने आणतात आणि दारातली उंडी तोडतात, हे काही मला झेपत नाही. भाऊ आता करपलेले पाम काढणार आहे. दापोलीच्या आसपास कुणाकडे उंडीची रोपं असतील तर कमेंटमध्ये सांगा.