नव्या वेबसाइटला बॅकलिंक मिळवताना: माझा अनुभव

मुलुंडला मी हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब लिहिते. सेक्रेटरी मंडळी फोनवर पुन्हा पुन्हा विचारतात त्या प्रश्नांची उत्तरं मराठीत एका जागी असावीत, म्हणून वेबसाइट काढली. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात साइटची मालकी सिद्ध केली, साइटमॅप म्हणजे पानांची यादी दिली, पानं इंडेक्सही झाली, म्हणजे गूगलच्या नोंदीत आली. तरी 'डीम्ड कन्व्हेयन्स कागदपत्रे' (बिल्डर करून देत नसताना जागेची मालकी सोसायटीच्या नावावर करून घ्यायला लागणारे कागद) असं शोधलं की माझं पान फार खाली. दुसऱ्या साइट्सनी आपल्याला दिलेल्या लिंक, म्हणजे बॅकलिंक, दाखवणारा कन्सोलमधला अहवाल उघडला, तर तो कोरा.

१९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डला असताना मांडलेल्या पेजरँकचं, म्हणजे गूगलच्या पानांना क्रम लावण्याच्या मूळ पद्धतीचं, सूत्रच असं होतं की, एका पानाने दुसऱ्याला लिंक देणं म्हणजे त्याची शिफारस करणं, आणि शिफारस करणाऱ्याचं वजन जेवढं, तेवढी ती शिफारस भारी. आज गूगल याखेरीज कितीतरी गोष्टी बघतं, पण नव्या साइटची ओळख करून देणारं कुणीतरी लागतंच.

साइट सुरू झाल्याबरोबर बॅकलिंक विकणाऱ्यांचे मेल यायला लागले. शेकड्याने लिंक, तीही आठवड्याभरात. मी एकालाही उत्तर दिलं नाही. रँकिंगसाठी लिंक विकत घेणं गूगलच्या नियमांत स्पॅम ठरतं. एप्रिल २०१२ मधल्या गूगलच्या 'पेंग्विन' अपडेटने अशाच लिंकांवर उभ्या असलेल्या साइट्स खाली ढकलल्या, आणि २०१६ पासून पेंग्विन मूळ अल्गोरिदमचाच भाग आहे. पैसे देऊन घेतलेल्या लिंकवर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' (ही लिंक शिफारस म्हणून धरू नका) असा शिक्का असावा लागतो. मग रँकिंगसाठी तिचा उपयोग काय? एका ओळखीच्यांनी सुचवलं, विकिपीडियावर आपली लिंक टाकून दे. तिथल्या बाहेर जाणाऱ्या लिंकना २००७ पासून 'नोफॉलो' लागलेलं आहे, आणि ज्ञानकोशात आपली जाहिरात करणं मला मुळातच पटत नाही.

मग लिंक देईल कोण? माझ्या पानामुळे ज्याचं स्वतःचं काम हलकं होईल, तोच. इथून पुढे मी डीम्ड कन्व्हेयन्सच्या त्या एका पानावरच बसले. मोफा, म्हणजे महाराष्ट्रातला सदनिका-मालकीचा कायदा, १९६३ चा. सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, करून द्यावं अशी अपेक्षा, आणि तो देत नसेल तर २००८ च्या सुधारणेने आलेलं मानीव अभिहस्तांतरण, म्हणजेच डीम्ड कन्व्हेयन्स. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे. प्रॉपर्टी कार्ड, सदनिकाधारकांची सूची क्रमांक २ (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशे, आर्किटेक्टचा दाखला: प्रत्येक कागद कुठून काढायचा, त्यावर काय तपासायचं आणि तो नसला तर पुढचा मार्ग कोणता, हे सगळं लिहिलं. छापून मीटिंगला नेता येईल अशी यादीही सोबत दिली.

पहिली खरी लिंक आली ती ठाण्याच्या एका आर्किटेक्टकडून. ते याच कामाचे दाखले देतात आणि त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी कागदांबद्दलच विचारतो. मी त्यांना छोटा मेल लिहिला: तुमच्या सेवेच्या पानावर दाखल्याचं आहे, बाकीच्या कागदांसाठी हे पान लोकांना उपयोगी पडेल का बघा. त्यांनी बघितलं, एक चूक दाखवली, मी ती दुरुस्त केली आणि त्यांनी लिंक दिली. लिंकचे शब्दही त्यांनीच ठरवले, 'डीम्ड कन्व्हेयन्ससाठी लागणारी कागदपत्रे'. नुसत्या 'येथे क्लिक करा'पेक्षा हे कितीतरी बरं, कारण लिंकच्या शब्दांवरूनही पान कशाबद्दल आहे ते गूगलला कळतं.

दुसरा मार्ग मेलेल्या लिंकांचा. सोसायट्यांवर लिहिणाऱ्या जुन्या ब्लॉगांवर अशा कितीतरी पीडीएफच्या लिंक आहेत ज्या आता उघडतच नाहीत. त्या शोधून ब्लॉगवाल्यांना कळवत गेले आणि त्याच विषयावरचं माझं पान सुचवलं. बरेच जण गप्प राहिले. पण ज्यांनी बदल केला, त्यांनी आभार मानून केला.

मुंबईत सोसायटीचा सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. माझं पान तिथे भरपूर फिरलं, पण खाजगी ग्रुपमधलं गूगलला दिसत नाही, त्यामुळे त्या फिरण्याची लिंक म्हणून मोजणी शून्य. तरी मी ते फार मोलाचं मानते. अशाच ग्रुपमधून पान एका वकील बाईंपर्यंत पोचलं आणि त्यांनी आपल्या लेखात त्याचा हवाला दिला. एक बारीक गोष्ट: पानाचा पत्ता देवनागरीत असला तर कॉपी करून चिकटवताना त्याची टक्के-चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोकांना ते काहीतरी संशयास्पद वाटतं. मी पत्ते आखूड, रोमन अक्षरांत केले आणि जुन्या पत्त्यांवरून ३०१ रीडायरेक्ट लावलं (जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला कायमचं नव्यावर वळवणं), म्हणजे आधी मिळालेल्या लिंक वाया जात नाहीत.

माझ्या दोन-तीन सोसायट्यांनी स्वतःहून विचारलं, आमच्या साइटच्या तळाशी प्रत्येक पानावर तुमचं नाव टाकू का? त्यांचं प्रेम कळत होतं, पण वेगवेगळ्या साइट्सच्या फूटरमध्ये (पानाच्या तळपट्टीत) पसरलेल्या लिंक गूगल स्पॅमच्या उदाहरणांत धरतं. त्यांना म्हटलं, सभासदांसाठी सूचनांचं पान आहे ना, तिथे वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची त्याबद्दल लिहिता, त्या वाक्यातच माझ्या सभेवरच्या पानाची लिंक द्या. तशी दिली.

कित्येक महिन्यांनी कन्सोलमधला आलेख हळूहळू चढायला लागला आणि कागदपत्रांचं पान पहिल्या पानावर आलं. लिंक मोजक्याच आहेत, पण त्यातली प्रत्येक याच कामातल्या माणसाची आहे. आता पुनर्विकासावर लिहायला घेतलंय, महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालचे ४ जुलै २०१९ चे सरकारी निर्देश, टप्प्याटप्प्याने. मसुदा त्या आर्किटेक्टना आणि वकील बाईंना आधीच पाठवला आहे. त्यांच्या दुरुस्त्या आल्या की पान प्रसिद्ध करीन.