तीन भाऊ आणि पाचशे तबकड्या

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

मिरजेच्या घराचा पोटमाळा आज निम्मा आवरून झाला. आईच्या दोन तांब्याच्या घागरी, बाबांची एलआयसीची जुनी कागदपत्रं, एक मोडका पाळणा, आणि बुटाच्या खोक्यात अठरा कॅसेटी. सतरा विकतच्या. अठरावी कोरी आणून भरलेली, साठ मिनिटांची. तिच्यावर निळ्या बॉलपेननं दादाच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय, 'आपली गाणी. पुसू नये.' 'पुसू नये'खाली दोन रेघा. शिवाय कॅसेटच्या पाठीची दोन्ही प्लास्टिकची कानं तोडलेली, म्हणजे चुकूनही कुणाला तिच्यावर दुसरं काही भरता येऊ नये.

दादाचा बँड होता हे मी जवळजवळ विसरलेच होते. 1993 साल असेल, मी आठवीत. इंजिनिअरिंगची पाच पोरं एकाच्या वडलांच्या खताच्या गोदामात जमायची. युरियाची पोती भिंतीला लावलेली असल्यामुळे आवाज बाहेर फारसा जायचा नाही. ड्रम म्हणजे लग्नाच्या बँडवाल्याकडून घेतलेला जुना साइड ड्रम आणि एक झांज. गिटार एकच, ती दादाची. पण गाणी स्वतःची होती, मराठीत, चार. मी दारात बसून ऐकायचे आणि घरी आलं की माझ्या फ्रॉकला त्या खताचा वास यायचा.

कॅसेट उशाशी ठेवली आहे. इथे ती वाजवायला काही नाही.

शनिवार, दुपार

पाऊस लागलाय, पोटमाळा तसाच राहिला. सकाळपासून मोबाइलवर डेथ ऐकते आहे. गेली सहा-सात वर्षं मी हा बँड भेटेल त्याला ऐकवत आले. नाव ऐकूनच लोक तोंड फिरवतात. त्यांचं आयुष्यभर तेच झालं.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे तीन सख्खे भाऊ. डेव्हिड, डॅनिस आणि बॉबी हॅकनी. डेव्हिड गिटारवर, डॅनिस ड्रमवर, धाकटा बॉबी बास वाजवायचा आणि गायचा. 1964 साली वडलांनी तिघांना टीव्हीसमोर बसवून बीटल्स दाखवले. दुसऱ्या दिवशी डेव्हिडला गल्लीत कुणीतरी फेकून दिलेली गिटार सापडली आणि घरात सगळं तिथून सुरू झालं. पुढे राहत्या घरातल्या एका खोलीत ते सराव करायचे. आईनं वेळ बांधून दिलेली, दुपारी तीन ते सहा. त्या तीन तासांत शेजाऱ्यांनी काय काय सोसलं असेल! कारण ही वस्ती काळ्या लोकांची, शहर मोटाउन या काळ्या गायकांच्या रेकॉर्ड कंपनीचं. तिथल्या पोरांनी सोल गावं, फंक वाजवावं, हे काळ्यांचं संगीत, अशी सगळ्यांची अपेक्षा. हे तिघं आधी फंकच वाजवत होते. मग त्यांनी द हू आणि अ‍ॅलिस कूपर हे रॉकवाले ऐकले आणि गिटारचा आवाज असा वाढवला, लय अशी पळवली की ना गोऱ्यांच्या रॉकमध्ये त्यांना कुणी धरेना, ना आपल्या गल्लीत.

नाव डेव्हिडनं ठेवलं. वडील अपघातात गेले, त्यानंतर. त्याचं म्हणणं असं की मरण म्हणजे नुसतं भय नव्हे, त्यातही काही पवित्र आहे, तेही आपण लोकांना सांगू. बँडची खूणही त्यानंच काढली. त्रिकोणात तीन ठिपके, आणि वाट दाखवणारा चौथा. भावांना नाव आवडलं होतं असं नाही, पण थोरल्याचा शब्द होता.

1975 मध्ये डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड स्टुडिओत त्यांनी गाणी भरली. ठरली होती बारा, झाली सात. भाऊ सांगतात ते असं: क्लाइव्ह डेव्हिस या रेकॉर्ड धंद्यातल्या फार मोठ्या माणसाला गाणी पसंत पडली, पैसाही मिळत होता, अट एकच, नाव बदला. डेव्हिड नाही म्हणाला. पैसा थांबला, राहिलेली पाच गाणी तशीच राहिली. 1976 मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चानं सात इंची तबकडी काढली, पाचशे प्रती. एका बाजूला 'पॉलिटिशियन्स इन माय आइज', दुसऱ्या बाजूला 'कीप ऑन नॉकिंग'. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडची पहिली रेकॉर्ड आली आणि त्या भरधाव, खरखरीत आवाजाला पंक म्हणायला लागले. डेट्रॉइटमधली ही गाणी त्याच्या वर्षभर आधी भरलेली होती. ऐकताना दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो तो ह्याचसाठी. डॅनिसचा ड्रम तर असा धावतो की पाठीमागे कुणी लागलंय, आणि बॉबी राजकारण्यांवर चिडून गातोय, व्हिएतनामच्या लढाईत पोरं मरत असतानाचा राग. तरी सूर सोडत नाही. राग आणि सूर दोन्ही एकाच गळ्यात.

पाचशे प्रती. आमच्याकडे लग्नाच्या पत्रिका त्याहून जास्त छापतात. रेडिओवर डिस्कोचे दिवस आलेले, आणि तबकडीवर नाव 'मृत्यू'. कोण लावणार? पुढच्या वर्षी तिघं डेट्रॉइट सोडून व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला गेले. तिथे द फोर्थ मूव्हमेंट नावानं देवाधर्माचं रॉक वाजवलं, दोन रेकॉर्डी काढल्या. मग डेव्हिड एकटाच डेट्रॉइटला परत गेला. बॉबी आणि डॅनिसनी तिकडेच संसार केले आणि लॅम्ब्सब्रेड नावाचा रेगे, म्हणजे जमैकाच्या धर्तीचं संगीत वाजवणारा बँड चालवला. डेव्हिड 2000 साली फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला. त्याआधी त्यानं मूळ टेपा बॉबीच्या हवाली केल्या आणि सांगितलं की जग एक दिवस ह्या शोधत येईल, नीट ठेव. बॉबीनं त्या माळ्यावर ठेवल्या.

माळ्यावर! सकाळपासून तो शब्द डोक्यातून जात नाही.

शनिवार, रात्र

संध्याकाळी दादाला फोन केला होता, नाशिकला. कॅसेट सापडली म्हणून सांगितलं. तो गप्पच झाला. मग म्हणाला, "अगं, ती गेली असेल सडून. टाकून दे." टाकणार नाही म्हटलं. "बघ मग," एवढंच बोलला.

दादाच्या बँडचं काय झालं ते मला पक्कं आठवतं. 1994 चा गणेशोत्सव. एका मंडळानं बोलावलं, अकराशे रुपये, पण सिनेमातलीच गाणी वाजवायची. खताच्या गोदामात त्यावर रात्रभर वाद झाला. शेवटी दादानंच ठरवलं, वाजवायची. त्या पैशातून खरा ड्रम सेट येईल, मग पुढच्या वर्षी आपली गाणी. पुढच्या वर्षी आणखी तीन मंडळांची बोलावणी आली. ड्रम सेट आला. लोक नाचले, मीही नाचले. ती चार गाणी मात्र परत कधी वाजली नाहीत. 1995 नंतर नोकऱ्या लागल्या आणि पाचजण पाच गावी गेले.

डेव्हिड हॅकनी मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी मनातल्या मनात दादाशी भांडले होते. हा बघ, ह्यानं नावसुद्धा बदललं नाही, आणि तू अकराशे रुपयांत गाणी बदललीस. असं कितीतरी वर्षं मनात होतं. आज तसं वाटत नाही. आज बॉबी आणि डॅनिसचा विचार येतो. विशीच्या आगेमागे असलेली ती दोन पोरं. त्यांनाही वाटलं असेल की नावाचं काय घेऊन बसायचं, बदलून टाकू, पण ती थोरल्याच्या बाजूनं उभी राहिली आणि त्या एका नकाराची किंमत तिघांनी भरली. आणि इकडे दादानं चौघांचा विचार करून होकार दिला. कोण बरोबर हे मला ठरवता येत नाही. दोघांचीही गाणी माळ्यावरच गेली.

बिग स्टारचंही तेच वाटतं. तो बँड अमेरिकेतल्याच मेम्फिसचा, आर्डंट स्टुडिओचा. समोरच्या सुपरमार्केटच्या पाटीवरून नाव घेतलं आणि 1972 मध्ये पहिल्या रेकॉर्डला मोठ्या उमेदीनं 'नंबर वन रेकॉर्ड' म्हटलं. त्यातला गायक अ‍ॅलेक्स चिल्टन तर 16 व्या वर्षीच द बॉक्स टॉप्स या बँडमध्ये गाऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेला. त्याचा आवाज लोकांना माहीत होता. समीक्षकांनी वाखाणलं. पण रेकॉर्ड दुकानापर्यंत पोचवण्याची साखळीच तुटलेली. कुणी पेपरात वाचून दुकानात गेलं तर तिथे ती नाहीच. दहा हजार प्रतीसुद्धा खपल्या नाहीत. ज्याच्या जिवावर ती रेकॉर्ड उभी होती तो क्रिस बेल ह्या धक्क्यातून सावरलाच नाही, बँड सोडून गेला. पुढे वडलांच्या हॉटेलांच्या धंद्यात काम करायचा. 1978 च्या डिसेंबरात, 27 व्या वर्षी, रात्री गाडी खांबावर आदळून गेला. 'थर्टीन' ऐका कधीतरी. ड्रम नाही, काही नाही, गिटारी आणि हळू गळे. शाळेतून घरी सोडायला येऊ का, एवढंच विचारणारं पोरवयातलं गाणं. मला त्या गाण्यात दरवेळी मिरजेचा शाळेचा रस्ता दिसतो, टांग्यांसकट.

नंतर आर.ई.एम.सारख्या बँडनी सांगितलं की आम्ही ह्यांच्याकडून शिकलो. ते ऐकायला क्रिस बेल नव्हता. उशिरा मिळालेल्या मानाबद्दल लोक 'शेवटी न्याय झाला' म्हणतात तेव्हा मला ते पटत नाही. न्याय माणसाला मिळतो, रेकॉर्डला नाही.

रविवार, रात्र

आज दिवसभर कॅसेट.

गल्लीच्या टोकाला रेडिओ दुरुस्तीवाले काका आहेत, सत्तरीचे. त्यांच्याकडे चालू स्थितीतला टू-इन-वन निघाला. पण कॅसेट उजेडात धरल्याबरोबर ते म्हणाले, "लगेच लावू नका ताई, फाटेल." आत टेपेच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी होती, साखर सांडल्यासारखी. आणि मधोमध, जिथे टेप हेडला, म्हणजे यंत्रातल्या आवाज वाचणाऱ्या भागाला, टेकते तिथे पितळी पट्टीवर फेल्टचा एक चिमुकला तुकडा असतो, तो गळून पडलेला. डिंक वाळला की पडतो म्हणे. तो नसला तर टेप हेडला नीट चिकटत नाही आणि आवाज लांबून आल्यासारखा येतो.

काकांनी एक जुनी भजनाची कॅसेट घेतली, माझ्याकडे बघून विचारलं, "ही गेली तरी चालेल?" मी हो म्हटलं. दोन्हींचे कोपऱ्यातले चार आणि मधला एक असे पाच-पाच स्क्रू काढले. भजनाची रिळं बाहेर, दादाची रिळं आत. कोरड्या मऊ कापडाच्या घडीतून टेप हातानं, पेन्सिलीनं रीळ फिरवत, सगळी पुढे आणि सगळी मागे. तास गेला. कापडावर तपकिरी पट्टा उमटला. तो बघून मला भीती वाटली की हा आवाजच निघून आलाय का. काका म्हणाले, थोडासा येणारच, बाकीचा आहे आत.

बॉबी हॅकनीच्या टेपा अशाच कुणीतरी काढल्या असतील. ते झालं कसं, तर ती पाचशेतली एखादी तबकडी जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या हाती लागली, तिची किंमत वाढत गेली, गाणी फिरत फिरत बॉबीच्या मुलांच्या कानावर गेली. मुलांना आवाज ओळखीचा वाटला. हा तर आपला बाप! बापानं घरात कधी सांगितलंच नव्हतं. 2009 मध्ये ड्रॅग सिटी कंपनीनं ती सातही गाणी '...फॉर द होल वर्ल्ड टू सी' नावानं काढली, भरल्यापासून 34 वर्षांनी. मुलांनी रफ फ्रान्सिस नावाचा बँड काढून बापाकाकांची गाणी वाजवली. मग बॉबी आणि डॅनिस स्वतः पुन्हा स्टेजवर उभे राहिले, डेथ हेच नाव घेऊन. गिटारवर डेव्हिडच्या जागी दुसरा.

बापानं मुलांना का सांगितलं नसेल, हे मला एरवी कळलं नसतं. दादाच्या मुलीला तरी कुठे माहीत आहे?

साडेसहाला टेप लागली. आधी नुसती खरखर, मग कुणीतरी "चालू केलंय का रे" म्हणतो, मग साइड ड्रम. चारपैकी पहिली दोन गाणी नीट आहेत, तिसऱ्यात मधे आवाज बुडतो, चौथं अर्ध्यावर संपतं. दादाचा आवाज एवढा कोवळा होता हे माझ्या लक्षातच नव्हतं. काकांनी मान डोलावली आणि स्वतःहून आवाज वाढवला. बाहेर दोन मुलं सायकल थांबवून ऐकत होती.

मी सगळं मोबाइलमध्ये भरून घेतलं आणि दादाला पाठवलं. दहा मिनिटं काही नाही, मग फोन आला. मागे त्याच्या घरात तेच गाणं चालू होतं, मोठ्यानं, आणि भाची काहीतरी विचारत होती.

दादा म्हणाला, "दुसऱ्या कडव्यानंतर मी कॉर्ड चुकलोय, ऐकलंस?"

नाही म्हटलं, कळलं नाही.

"चुकलोय. थांब, गिटार काढतो. सांगतो तुला काय हवं होतं तिथे."