आमची वाटचाल : चोवीस तास उघडं शटर

आम्ही दोघं पशुवैद्य. नवरा परळच्या बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजचा, मी शिरवळची. नाशिकच्या गंगापूर रोडला एका गाळ्यात दवाखाना टाकला तेव्हा कामही चारचौघांसारखंच होतं. लसी, गोचीड, खरूज, नखं कापणं. रात्री नऊला शटर खाली, आणि फोन सुरू व्हायचे ते त्यानंतर. अत्यवस्थ कुत्र्याला घेऊन कसारा घाट उतरायचा आणि मुंबई गाठायची म्हणजे तीन-चार तास सहज जातात. धाप लागलेल्या जनावराकडे तेवढा वेळ नसतो. कोविडच्या थोडं आधी शेजारचा गाळा रिकामा झाला, तो घेतला आणि शटर चोवीस तास उघडं ठेवायचं ठरवलं.

जनावरांचा आयसीयू म्हटलं की लोक यंत्रांबद्दल विचारतात. यंत्रं कर्ज काढलं की येतात. ऑक्सिजनचा पिंजरा, मॉनिटर, सलाईनचे पंप, सगळं आम्ही हप्त्यांवर घेतलं. जड गेलं ते पहाटे तीनला जागा असणारा माणूस मिळवणं. हिरड्यांचा रंग बघणारा, लघवी किती झाली ते लिहून ठेवणारा, कुत्र्याने नळी चावली नाही ना याकडे डोळा ठेवणारा. आमचा पहिला रात्रीचा हेल्पर सिडकोतला. आधी सातपूरच्या एका कंपनीत रात्रपाळी करायचा, त्यामुळे जागरण अंगवळणी पडलेलं होतं. जनावराची सवय मात्र इथे लागली. आता मांजराच्या पायात शीर सापडत नसली की आम्हीही त्यालाच हाक मारतो.

नाशिकची इमर्जन्सी हंगामावर चालते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळगाव, दिंडोरीकडून द्राक्षं खाल्लेली कुत्री येतात. बागायतदाराला हे पटवणं महाकठीण! ‘अहो डॉक्टर, आमच्या मळ्यातली कुत्री रोज खातात.’ खातात, खरं आहे, आणि काहींना काहीच होत नाही. काहींची किडनी मात्र थोडक्या मण्यांनीच बसते, आणि कुणाची बसणार हे आधी सांगता येत नाही. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर २०२१पासून संशय आहे. बेदाण्यात पाणी उडून गेलेलं असतं, म्हणून ते आणखी वाईट. दोनेक तासांत आणलं तर उलटी करवता येते. नंतर दोन-तीन दिवस सलाईन आणि रोज क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी. फवारणीच्या औषधाची शंका असेल तर बाटली सोबत आणा म्हणून आम्ही फोनवरच सांगतो. कोणतं औषध पोटात गेलंय त्यावर उतारा ठरतो.

मे महिन्यात उष्माघाताचे पग, म्हणजे ती चपट्या नाकाची छोटी कुत्री. कुत्र्याचं अंग मुळातच १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. ते १०५च्या वर गेलं की आधी घरीच साधं पाणी ओतायचं, पंखा लावायचा, मग गाडीत घालायचं.

पावसाळ्यात साप. धरणाकडच्या एका फार्महाउसवरून नाग चावलेला गावठी कुत्रा आला होता. डोळे उघडे, शेपटी जराशी हलणारी, पण छाती हलत नव्हती. व्हेंटिलेटर तेव्हा आमच्याकडे नव्हता. नळी घातली आणि आम्ही दोघं आणि हेल्पर आळीपाळीने अँबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, दाबत बसलो. सर्पदंशावरचं प्रतिविष माणसांसाठीचं तेच, नाग-मण्यार-घोणस-फुरसे या चौघांवर चालणारं. एकेक कुपी फोडताना मालकाला विचारावं लागत होतं, कारण खर्च वाढत होता. ते दरवेळी म्हणाले, ‘टाका.’ उजाडता उजाडता त्याने स्वतः श्वास घेतला आणि पहिल्यांदा काय केलं, तर नळीच चावली.

बोका लघवीला सारखा बसतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, ही तक्रार आम्ही सकाळवर ढकलू देत नाही. घरच्यांना बद्धकोष्ठ वाटतो. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबू शकतं. तापावर म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देणारेही भेटतात. देऊ नका हो, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते.

पैशांचं बोलणं हा या धंद्यातला नकोसा भाग. अंदाज आम्ही आधी लेखी देतो, आणि बारा तासांनी पुन्हा. ‘एवढ्यात नवीन कुत्रा येईल’ म्हणणारे असतात, दागिना मोडायला निघालेलेही असतात. दुसऱ्यांना थांबवावं लागतं. वाचण्याची आशा नसेल तर ते स्पष्ट सांगतो, बिल वाढवत ठेवत नाही. सुरुवातीला यात महिन्याचा ताळेबंद बसेना, दिवसाच्या लसीकरणावर रात्र चालायची. अजूनही बरीचशी तशीच चालते.

सध्या दोन कामं हातात आहेत. एक, रक्त देऊ शकतील अशा पंचवीस किलोंवरच्या निरोगी कुत्र्यांची यादी; मालकांनी नावं नोंदवावीत. दुसरं, रात्रपाळीसाठी तिसरा डॉक्टर. राहायची सोय वरच्या मजल्यावर आहे. नवीन पदवीधर चालेल, शिकवू आम्ही. फक्त मांजरांना घाबरणारा नको.